मांजरीचे प्रयोग आणि डॉ. मॅन

हडपसरच्या पुढची मांजरी आज ऊस आणि द्राक्षांच्या संशोधनासाठी ओळखली जाते. १९२३ साली याच मांजरीत कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. देशातल्या अशा कामाची सुरुवात इथून मानतात. प्रयोग ताम्हणे आणि कानिटकर या शास्त्रज्ञांचे. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक होते डॉ. हॅरल्ड मॅन.

मॅन यांचा जन्म १८७२ सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. शिक्षण रसायनशास्त्राचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही ते शिकले. १९०० मध्ये चहामळ्यांचे शास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नीरा खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने जमिनी खारावत होत्या. ताम्हण्यांसह त्यांनी त्यांचा अभ्यास केला. पाणी कमी पडले तर पीक जाते, नको तितके मुरले तर जमीनच जाते, हे त्यात दिसले.

मात्र मॅन यांचे नाव झाले ते पिंपळे सौदागरमुळे. आज तिथे उंच इमारती आहेत; तेव्हा ते पवनेकाठचे साधे खेडे होते. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांनी तिथली जमीन, विहिरी, मालकी, कर्ज, सगळे मोजले. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. पुढे कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी केली. रसायनशास्त्रज्ञाने सावकाराच्या व्याजात डोके घालावे, हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटले असेल. पण मूठभर जमिनीवर जगणाऱ्या घराला वरची माती वाहून जाणे म्हणजे ताटातली भाकरी कमी होणे, हे समजायला हाच माणूस हवा होता.

माती किती जाते, हे डोळ्यांना कळत नाही. एक हेक्टरवरचा फक्त १ मिलिमीटर थर गेला तर तो १० घनमीटर, म्हणजे सुमारे १२-१३ टन भरतो. शेतकऱ्याला शेत कालच्यासारखेच दिसते. म्हणून मोजावे लागते. रुग्णालयात रोग्याच्या पोटात किती पाणी गेले आणि लघवीवाटे किती आले याचा तक्ता ठेवतात, तसाच हा हिशेब. उतारावरचा जमिनीचा तुकडा चहूबाजूंनी बंद करायचा, खालच्या टोकाला हौद बांधायचा. पाऊस झाला की हौदातले पाणी मोजायचे, ढवळून नमुना घ्यायचा, सुकवायचा आणि गाळाचे वजन करायचे. अमेरिकेतल्या मिसुरीत १९१७ मध्ये असे तुकडे आखले गेले होते. त्यांचे निष्कर्ष नेमके १९२३ मध्ये छापले गेले. आपल्याकडे १९३३ नंतर सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रात ही मोजणी सुरू झाली. तोवर मॅन इंग्लंडला परतले होते.

या मोजणीत फसगतही होते. वर्षभराची बरीचशी माती दोन-चार मुसळधार सरींतच जाते. तो दिवस चुकला की वर्षाचा आकडा खोटा. शिवाय शेतातून निघालेली सगळी माती ओढ्यापर्यंत पोचत नाही, काही बांधाला, काही खळग्यात थांबते. त्यामुळे एका वाफ्याच्या आकड्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळाने गुणून भागत नाही. ओढ्याच्या तोंडाशी प्रवाह आणि गाळ वेगळा मोजावा लागतो.

मांजरी-सोलापूरच्या अनुभवातून जी कोरडवाहू पद्धत तयार झाली, तिचा पहिला नियम बांधबंदिस्तीचा होता. मग तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि पुन्हा पुन्हा कोळपणी. यातले बरेच शेतकऱ्यांना आधीच ठाऊक होते. ताली घालणे दख्खनला नवे नव्हते. भर होती ती मोजमापाची. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्ती सरकारी कामाचा भाग झाली.

मॅन १९२७ मध्ये निवृत्त झाले आणि वोबर्नच्या प्रयोगकेंद्रात १९५६ पर्यंत काम करत राहिले. १९५५ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी दख्खनच्या १८६५ ते १९३८ या काळातल्या पावसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६१ साली ते वारले. मांजरी बुद्रुक आता महापालिकेत आहे. तिच्या काठाने जाणारी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पाण्याबरोबरचा गाळ उजनीच्या जलाशयात साठतो.