एका घरात चार धर्म : तात्यासाहेब जोतीराव फुले



आपल्या विहारात तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी पागोटेवाले महात्मा फुले आहेत. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांनी आपले तीन गुरू मानले, हे आपल्या चाळीतल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. पण फुले बौद्ध नव्हते. जग घडवणारा एक निर्मिक आहे, असं ते मानत. आपण तसं मानत नाही. मागं एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं, की ईश्वर मानणाऱ्या माणसाची तसबीर विहारात कशापायी? त्या वेळी मला नीट सांगता आलं नाही. नंतर गिरणी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, ते इथं मांडतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्याचा. मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. नात्यातल्या सगुणाबाईंनी पोराला वाढवलं. त्या बालविधवा, एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळायचं काम करायच्या. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी वडिलांच्या कानात भरवलं आणि गोविंदरावांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात घातलं. तिथंच सगळं संपायचं. पण शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये पोरगं स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेलं. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती माणूस एका हिंदू माळ्याच्या दारात उभे राहिले, म्हणून महाराष्ट्राला महात्मा फुले मिळाले. दोघांपैकी कुणीही मुलानं आपला धर्म घ्यावा अशी अट घातली नाही.

मिशनच्या शाळेत बायबल शिकले, तरी जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेन या इंग्रज माणसाचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. हा पेन ईश्वर मानणारा, पण कुठल्याही चर्चचा ग्रंथ ईश्वराचा शब्द आहे हे न मानणारा. पाद्री लोकांच्या तो डोळ्यांत सलायचा. पुढच्याच वर्षी ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत शूद्र म्हणून जोतीरावांचा अपमान झाला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १८४८ मध्येच भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. वडिलांनी सुनेला आणि मुलाला घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा यांचं नाव सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आलेलं आहे. शाळांच्या कामात सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र सोबत होते. ज्यांनी पुढं भटशाहीवर आसूड ओढला, त्या जोतीरावांचे जिवाभावाचे मित्र ब्राह्मण होते, हे आपण भाषणात सांगायचं विसरतो.

आता कुणी म्हणेल, जोतीराव मवाळ असतील. मुळीच नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी पुराणांतल्या अवतारांची एकेक करून चिरफाड केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज काढला. लग्नाला भट नको, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, असं सांगितलं. मुहूर्त, नवस, तीर्थयात्रा, स्वर्ग-नरक, कशालाही त्यांनी सोडलं नाही. शंका घ्यायला ते कधी भ्याले नाहीत आणि दुसऱ्याला शंका घेऊ नको असंही कधी म्हणाले नाहीत.

मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो तो १८७५ चा. स्वामी दयानंद सरस्वती पुण्याला व्याख्यानं द्यायला आले होते. दयानंद मूर्तिपूजेच्या विरोधात, पण वेद हे ईश्वरानंच दिलेले असं त्यांचं ठाम मत. जोतीरावांना ते अजिबात मान्य नव्हतं. वेदांच्या नावानंच शूद्रातिशूद्रांना विद्या नाकारली गेली, हे ते जन्मभर सांगत आले. व्याख्यानं झाल्यावर न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी स्वामींची मिरवणूक काढायचं ठरवलं. सनातन्यांनी ती उधळायचा चंग बांधला आणि स्वामींच्या नावानं गाढवाची मिरवणूक काढली. जोतीरावांकडं मदतीचा निरोप आला. रानड्यांशीही त्यांचे मतभेद होते. त्यांना घरी बसता आलं असतं. दोन्हीकडचे वेद मानणारे, आपापसात बघून घ्या, असं म्हणता आलं असतं. पण तात्यासाहेब आपले सत्यशोधक गडी घेऊन आले आणि मिरवणुकीबरोबर चालले. चिखल आणि दगडांचा मारा झाला. ज्याचं मत आपल्याला पटत नाही, त्याला ते बोलता यावं म्हणून जोतीराव रस्त्यावर उतरले. स्वतःच्या मतासाठी मार खाणारे पुष्कळ असतात, विरोधकाच्या मतासाठी अंगावर चिखल घेणारा मला इतिहासात फारसा दुसरा सापडला नाही.

१८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पुण्यात मोठा गहजब झाला, कालपर्यंत सत्कार करणारे शिव्या देऊ लागले. जोतीराव स्वतः ख्रिस्ती नसून रमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ च्या 'सत्सार' या छोट्या पुस्तकात त्यांनी तो विषय घेतला. शिकलेल्या बाईनं आपल्या बुद्धीनं धर्म निवडला, तर बाकीच्यांचं काय जातं, असा त्यांचा रोख होता. महंमद पैगंबरांवरही त्यांनी 'मानव महंमद' हे आदराचं काव्य रचलं.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेनं त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. साठी ओलांडलेला माणूस, घरात पैशाची ओढाताण, आणि डाव्या हातानं अख्खं पुस्तक! त्या पुस्तकात एक घर आहे. त्या घरातली बाई बौद्धांचा ग्रंथ वाचते आणि मनाला आला तर तो धर्म घेते. तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते. मुलगा सत्यधर्मी होतो. चौघं एकाच छपराखाली राहतात, कुणी कुणाचा द्वेष करत नाही.

या घरात पहिली निवड बाईची आहे, आणि तीही तिच्या मर्जीनं. तिच्या हातात बौद्ध ग्रंथ दिला तेव्हा आपल्या वाडवडिलांच्या कानावर तथागतांचं नावही पडलं नव्हतं. १९५६ ची दीक्षा अजून लांब होती.

इथं माझी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल. मी गिरणीत बदली कामगार असताना आजीच्या पेटीत मला फडक्यात गुंडाळलेला खंडोबाचा टाक सापडला. आजी पंचशील म्हणायची, पौर्णिमेला विहारात यायची, बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या. तो टाक तिच्या आईचा होता. मी तिला न विचारता तो खाडीत फेकला आणि मंडळात छाती काढून सांगितलं. आजी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. टाक पुजू नये हे माझं मत आजही तेच आहे. पण तिच्याजवळ बसून चार गोष्टी बोलायची धमक माझ्यात नव्हती, म्हणून मी पेटीत हात घातला. तात्यासाहेबांचं ते घर मी तेव्हा वाचलेलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता. त्यावरून अंत्ययात्रेत भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि त्या पुढं चालल्या. पुस्तक छापून आलं १८९१ मध्ये, बाबासाहेबांच्या जन्माच्या वर्षी. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी शूद्रांवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. निर्मिक मानणाऱ्या गुरूला तो अर्पण करताना त्यांना अडचण वाटली नाही.

जोतीरावांच्या माघारी समाजाचं काम सावित्रीबाईंनी चालवलं. मुंबईत ते नारायण मेघाजी लोखंडे करत होते. आम्हा गिरणीवाल्यांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे हेच लोखंडे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली आणि गिरणगावातही रक्त सांडलं. लोखंड्यांनी दोन्हीकडच्या कामगारांना राणीच्या बागेत एकत्र बोलावलं, आणि ते आले.