वाया जाणाऱ्या उष्णतेच्या मागे : रुडॉल्फ डिझेल



आपल्या सोनगीरजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावरच्या ट्रकमध्ये भरतात ते डिझेल, हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. वर्गात हे सांगा, मुलं लगेच कान टवकारतात.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन वंशाचे. १८७० साली युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत ऑग्सबर्गला काकांकडे पाठवलं. हे काका गणिताचे शिक्षक होते.

पुढे शिष्यवृत्तीवर ते म्युनिकला शिकले. तिथे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांच्या तासाला त्यांना कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता वाया घालवतं. ही गोष्ट त्यांच्या मनातून जन्मभर गेली नाही.

आधी त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहिलं. त्यात स्फोट झाला आणि ते जबर जखमी झाले. तरी प्रयोग थांबले नाहीत. सायकलचा पंप जोरात मारला की तो गरम होतो, हे आपण रोज बघतो. हवा खूप दाबली तर इतकी तापते, की ठिणगीशिवायही इंधन पेटतं. याच तत्त्वावर त्यांनी नवं इंजिन रचलं. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला त्याची चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामी आली.

पण उरलेल्या उष्णतेचं काय? धुराड्यातून गरम वायू जातच होता. म्हणून त्याच वर्षी त्यांनी एका सिलिंडरमधून निघालेला वायू दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये सोडून तिथला दट्ट्या ढकलून पाहिला. वाफेच्या इंजिनात ही युक्ती चालत होती. इथे मात्र ती फसली. आपल्याकडच्या थंड तांब्याच्या भांड्यात गरम चहा ओतला की तो लगेच निवतो ना, तसंच झालं. वायूची उष्णता वाटेतल्या मार्गात आणि सिलिंडरच्या भिंतीतच गेली. इंधनाची बचत झाली नाही आणि ते इंजिन सोडून द्यावं लागलं.

साधं डिझेल इंजिन मात्र जगभर पोचलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं! पण डिझेल स्वतः कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले.

त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आजही ट्रकच्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. त्या धुराने नळीतलं पाणी किंवा दुसरा द्रव तापवायचा, त्याच्या वाफेने छोटा दट्ट्या हलवायचा आणि ती ताकद परत इंजिनला द्यायची, असे प्रयत्न अभियंते करतात. अडचणी आहेत त्या जास्तीच्या वजनाच्या, खर्चाच्या आणि सतत बदलणाऱ्या वेगाच्या.

पुस्तकात शोध लागला एवढंच येतं, फसलेला प्रयोग येत नाही. आपण तोही सांगू या. मग मुलांना विचारा : घरात चुलीची उष्णता कुठे कुठे वाया जाते? उत्तरं वहीत लिहू द्या.