भागभांडवलासाठी गावोगाव

प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहण्याआधी तो शेतकऱ्यांच्या मनात उभा करावा लागला. हे काम लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांचे. शालेय शिक्षण जेमतेम; परंतु १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढल्यापासून सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याचे मन ते ओळखून होते.

१९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागाईतदारांची परिषद भरली. ऊस पिकविणाऱ्यांनीच कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. टाळ्या मिळाल्या असतील. पैसे मिळविणे वेगळे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस होई, पण साखरेचा नफा खासगी कारखान्यांकडे जाई. कर्जबाजारी शेतकऱ्याने न दिसणाऱ्या कारखान्यासाठी गाठीचे पैसे मोडायचे आणि बदल्यात भागाचा कागद घ्यायचा! त्याचा संशय रास्तच होता.

विठ्ठलरावांनी त्या संशयावर राग धरला नाही. भाग खपविण्याचे काम सहकाऱ्यांवर सोपवून ते लोणीत बसून राहिले नाहीत. त्यांना सोबत घेऊन स्वतः गावोगाव फिरले. वर्षे अशीच गेली. डिसेंबर १९४८ मध्ये कारखान्याची नोंदणी झाली, १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला.

अध्यक्षपदी गाडगीळ होते. उंबरे झिजविणारे विठ्ठलराव उपाध्यक्ष. पुढे १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.