वाट मोकळी करणारा वीर : मेजर राम राघोबा राणे

परमवीरचक्राचे मानकरी मेजर राम राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. घराणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे रामचे शिक्षण सलग असे झालेच नाही. कामासाठी आईवडील परगावी गेले म्हणजे शाळा कशी तुटते, हे आपल्या वाशिम जिल्ह्यातील अनेक घरांना निराळे सांगावयास नको.

१० जुलै १९४० रोजी ते सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. रस्ते बांधणे, पूल उभारणे, सुरुंग पेरणे आणि काढणे ही विद्या त्यांनी छावणीत व युद्धभूमीवर आत्मसात केली. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना सैन्य माघारी फिरले, तेव्हा मागे राहून दारूगोळ्याचा साठा नष्ट करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. न्यावयास येणारी जहाजे आलीच नाहीत. शत्रूचा पहारा चुकवून, नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे परत आणली. ते हवालदार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट.

पुढच्याच एप्रिलमध्ये जम्मू प्रांतात नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघाले. ८ एप्रिल १९४८ रोजी डोग्रा पलटणीने बरवाली टेकडी जिंकली. परंतु पुढचा रस्ता सुरुंगांनी भरलेला होता. रणगाडे अडले. राणे यांचे पथक कामास लागते न लागते तोच तोफगोळे कोसळले. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. त्यांनी काम थांबविले नाही.

९ तारखेस पहाटे ६ पासून दुपारी ३ पर्यंत खपून त्यांनी रणगाड्यांसाठी वळणवाट काढली. पुढे पाईन वृक्ष आडवे टाकलेले. ते सुरुंगाने उडविले. त्यापुढे मोरी फोडलेली. तेथे मशीनगनच्या माऱ्यात नवी वाट खणली. १० तारखेस पहाटे पावणेपाचला पुन्हा आरंभ. साडेदहापर्यंत अडथळे दूर झाले आणि रणगाडे तवी नदीच्या पात्रातून चिंगसकडे निघाले.

येथे त्यांच्यातील अभियंता दिसतो. रणगाडे पुढे गेले म्हणून काम संपले असे कोणीही मानले असते. पण अन्न, औषधे आणि दारूगोळा वाहणाऱ्या गाड्या नदीपात्रातून कशा जाणार? त्यांना रस्ताच हवा होता. म्हणून राणे उपाशीपोटी रात्री ९ पर्यंत रस्ता साफ करीत राहिले. ११ तारखेस सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात करून ११ वाजता त्यांनी चिंगसपर्यंतचा मार्ग खुला केला आणि त्यापुढेही रात्री १० पर्यंत त्यांचे हात चालू होते. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

या कामगिरीसाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. हयातीत हा सन्मान लाभलेल्या पहिल्या वीरांत त्यांची गणना होते. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, तरी १९७१ पर्यंत सैन्यातच पुनर्नियुक्तीवर काम करीत राहिले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे.