बीदरला जाताय? मग गावानला भेटून या

देगलूरची पोरं बीदरला जातात ती किल्ला बघायला. औरादच्या रस्त्याने सकाळी निघायचं, रंगीन महालापाशी फोटो काढायचे, नानक झिऱ्याला लंगर जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. मीही हेच केलंय. पण चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना एक अर्धी ढासळलेली, तीन मजली इमारत लागते. एकच मिनार उरलाय, अंगावर निळ्या फरशांचे तुकडे. तिथे गाडी थांबवा. ते कॉलेज होतं, १४७२ सालचं.

बांधलं महमूद गावानने. हा मूळचा इराणातल्या गिलानचा. चाळिशी ओलांडल्यावर, व्यापारी म्हणून समुद्रमार्गे दख्खनेत आला आणि बहमनी दरबारात असा रुळला, की पुढे मुख्य वजीर झाला. तिसरा मुहम्मदशहा लहानपणीच गादीवर बसलेला, त्यामुळे राज्याचा गाडा बराचसा गावाननेच ओढला. कोकणात लढला, विजयनगरकडून गोवा घेतला. आणि त्याच वर्षी हे कॉलेज, म्हणजे मदरसा. वर्ग, मशीद, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना राहायला खोल्या, आणि तीन हजार पुस्तकांचं ग्रंथालय होतं म्हणतात. राहणं-खाणं फुकट. (आपल्या हॉस्टेलची मेस आठवली ना?)

पण माणूस गोत्यात आला तो पुस्तकांमुळे नाही, कारभारामुळे. राज्याचे चार मोठे प्रांत होते आणि तिथले सुभेदार छोटे राजेच झाले होते. गावानने चाराचे आठ केले. वऱ्हाड तोडून गाविलगड आणि माहूर असे दोन झाले. होय, आपलंच माहूर! वर प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाच्या हाताखाली. आता ज्यांचे किल्ले गेले, ते गप्प बसतील का? त्यात दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन गट होतेच, आणि गावान पडला परदेशी.

विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणारा माणूस फितवला. कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. कोऱ्या कागदावर सही करू नको, असं घरी का सांगतात ते इथे कळतं. शिक्का खरा, पत्र खोटं. एप्रिल १४८१, कोंडापल्लीची छावणी. सुलतान दारूच्या अमलात होता. गावानने शिक्का आपलाच असल्याचं मान्य केलं, पत्र मात्र नाकारलं. चौकशी झालीच नाही. सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याचं मुंडकं तिथेच उडवलं.

मागून खजिना तपासला तर हाती फारसं काही लागलं नाही. स्वतःचा खर्च तो व्यापारातून भागवायचा, बाकी वाटून टाकायचा, असं इतिहासकार लिहून गेलेत. सुलतानाला चूक कळली, पण वर्षभरात तोही गेला. मग सुभेदार एकेक करून वेगळे झाले आणि एका राज्याची पाच झाली.

मदरशाचं हे हाल मात्र नंतरचे. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला होता, १६९६ मध्ये स्फोट झाला आणि दुसरा मिनार गेला. गावानची कबर शहराबाहेर गोरनळ्ळीजवळ आहे, अगदी साधी. वेळ असेल तर तिकडेही वळा. आणि मदरशाचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, निळा रंग सकाळच्या उन्हातच खुलतो. म्हणून आधी मदरसा, किल्ला नंतर.