चवदार तळ्याचा दावा : बॅरिस्टर बाबासाहेबांनी नऊ वर्षं लढलेला पाण्याचा खटला

लातूर/नांदेड : बांधाचं भांडण, सामायिक विहीर, वहिवाटीचा रस्ता, वतनाची जमीन. तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्या माणसाला हे शब्द पाठ असतात. महाडच्या चवदार तळ्याची लढाईसुद्धा अशाच मालकी-वहिवाटीच्या दाव्यातून कोर्टापुढे उभी राहिली होती. सत्याग्रहाची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे, पण या दाव्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. सनद काढायला पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. १९२३ ला मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. अस्पृश्य वकिलाला मोठे सॉलिसिटर काम देईनात. त्यामुळं परळच्या दामोदर हॉलमधल्या ऑफिसात यायचे ते गोरगरीब पक्षकार. घर चालवायला बाबासाहेबांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढं सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि १९३५ ला प्राचार्य झाले.

महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तिथलं पाणी घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण मंडळी १२ डिसेंबरला दिवाणी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही जुनी वहिवाट आहे, असा त्यांचा दावा. पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब. दोनच दिवसांत कोर्टाचा मनाई हुकूम, म्हणजे आजच्या भाषेत स्टे, हातात पडला.

२५ डिसेंबरला महाडात हजारो लोक तयारीनिशी जमले होते. गर्दी ऐकणाऱ्यातली नव्हती. तरी बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि कोर्टाचा हुकूम पाळला. तळ्याभोवतीनं शिस्तीत मिरवणूक काढून लोक परत फिरले. पाणी समोर होतं, पण कुणी हात लावला नाही.

त्यानंतर सुरू झाल्या तारखा. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. ८ जून १९३१ ला महाड कोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. समोरचे ठाण्याला अपिलात गेले, जानेवारी १९३३ मध्ये तिथंही हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी शेवटचं अपील फेटाळलं. मुद्दा साधा होता. वहिवाट आहे असं जो म्हणतो, त्यानंच ती पुरातन काळापासून चालत आल्याचं सिद्ध करायचं. ते त्यांना जमलं नाही. दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षं तीन महिने लागले होते.

जमिनीचा कायदा बाबासाहेबांनी कोर्टाबाहेरही सोडला नाही. तुकडाभर वतनाच्या बदल्यात महारांचं सगळं घर गावकीच्या कामाला जुंपलेलं असे. ही वेठ सुटावी म्हणून १९२८ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचं विधेयक आणलं. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती मोडायचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात आले, तेही महार-मांग वतनदार परिषदेसाठीच.

खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला झाला. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ ला आला. तोपर्यंत बाबासाहेब जाऊन दोन वर्षं होत आली होती.