ग्रंथपालांचे गुरू : रंगनाथन

ग्रंथालयातील माणूस म्हणजे मागितलेले पुस्तक काढून देणारा आणि उशीर झाला की दंड घेणारा, एवढीच आपली समजूत असते. या कामालाही शास्त्र आहे, ते शिकावे लागते आणि शिकलेल्याला त्यावर मानाने जगता आले पाहिजे, हे भारतात ज्यांनी पटवून दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन.

तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे १८९२ साली त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षीच वडील वारले. बोलताना ते अडखळत. तरीही गणितात एम. ए. होऊन ते शिक्षक झाले व मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. १९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदी त्यांची नेमणूक झाली. पगार अधिक होता. पण ग्रंथालयात वाचक फिरकत नसत. तो एकांत त्यांना सोसवेना. परत शिकवायला येऊ द्या, अशी विनवणी त्यांनी जुन्या प्राचार्यांना केली. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिका, मग पाहू, असे ठरले.

लंडनने त्यांचे मन पालटले. तेथील ग्रंथालयांत लहानमोठे, गरीब-श्रीमंत सारेच वाचायला येताना त्यांनी पाहिले. एका दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे त्यांच्या दृष्टीस पडले. त्याच त्या पट्ट्या नटबोल्टने निरनिराळ्या तऱ्हेने जोडून नवनवी वस्तू तयार होत होती. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या अंगांतून जुळवता येईल, हे गणिती डोक्याने हेरले. ही अंगे कोलन या चिन्हाने जोडणारी त्यांची वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. पुस्तके कुलपात जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हे त्यांचे सार.

परंतु चांगली पद्धत राबवायला चांगले हातही हवेत. म्हणून १९२९ साली त्यांनी मद्रास ग्रंथालय संघामार्फत उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. पुढे बनारस व दिल्ली येथेही त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या ग्रंथालय समितीचे अध्यक्ष म्हणून, ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीची वेतनश्रेणी मिळावी अशी शिफारस त्यांनी केली. स्वतःच्या बचतीतील एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्याला नाव दिले पत्नी शारदाबाईंचे. १९६२ साली बंगलोरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९७२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

आज प्रमाणपत्र परीक्षेपासून पदव्युत्तर पदवीपर्यंतचे शिक्षण आपल्या राज्यात मिळते. शाळा, महाविद्यालये, न्यायालये, वृत्तपत्रे, संशोधन संस्था येथे ग्रंथालय सहायक, तालिकाकार, ग्रंथपाल अशी कामे असतात. संगणकावर सूची करणाऱ्यालाही मागणी आहे. मात्र राज्यात १९६७ पासून ग्रंथालय कायदा असूनही गावोगावच्या वाचनालयांतील सेवकांचे मानधन तुटपुंजेच आहे. रंगनाथन यांचे अर्धे काम अजून व्हायचे आहे ते हे.

ज्यांच्या घरात पुस्तकाचे कपाट नव्हते, अशी आमच्यासारखी मुले ग्रंथालयाच्याच आधाराने पदवीपर्यंत पोचतात. त्यांतील काहींनी या व्यवसायाकडे वळावे. पुस्तक हाती न लागल्याने अडलेला वाचक त्यांना जितका लवकर ओळखू येईल, तितका दुसऱ्या कोणाला येणार नाही.